सशा मिस्त्री आणि फोटोतली गाडी

माझा मामा घाबरट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की भाचीने लपवलं. तो कुत्र्याला घाबरतो, इंजेक्शनला घाबरतो, लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवतो आणि मग मला म्हणतो, "तूच घे, बाई." सगळी गल्ली त्याला सशा म्हणते. सशा मिस्त्री. त्याचं खरं नाव विचारलं तर निम्म्या गल्लीला सांगता यायचं नाही.

पण हाच माणूस गाडीखाली शिरला की वेगळा. वर अख्खा ट्रक जॅकवर तोललेला असतो आणि हा खाली पाठीवर पडून शीळ घालत असतो. गल्लीच्या तोंडाशी आमचं गॅरेज. पुढे दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी शेड, मागे राहायच्या दोन खोल्या. मामाने लग्न केलं नाही. त्यालाही घाबरला, असं माझी आई म्हणायची. आई गेल्यावर मी इथेच राहिले आणि स्पेअर पार्टचं काउंटर सांभाळायला लागले. गिऱ्हाइकांशी भांडायचं काम माझं, गाडीशी बोलायचं काम त्याचं.

जुनी गाडी विकत घ्यायची असली की लोक ती आधी मामाला दाखवायला आणायचे. मामा खाली जायचा, दहा मिनिटांनी बाहेर यायचा आणि चिंधीला हात पुसत एकच वाक्य बोलायचा. "चेसिसला जोड आहे." म्हणजे गाडीचा सांगाडाच तुटून जोडलेला. नाहीतर, "इंजिन उघडलेलं आहे, विकणारा खोटं बोलतोय." विकणारा शेजारी उभा असला तरी! एकदा एका आडदांड दलालाने त्याची कॉलर धरली. मामा लटलट कापत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तरी म्हणत होता, "जोड आहे हो. आहे त्याला मी काय करू?" एरवी कुणीही काहीही म्हणालं तरी हा मान डोलावणार, पण गाडीबद्दल खोटं त्याच्या तोंडून कधी म्हणून निघालं नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आमच्या घरात एकाही दाराला कडी नाही. न्हाणीघराच्यासुद्धा नाही. आजोबांनी, म्हणजे मामाच्या वडिलांनी, युद्ध संपलं त्याच वर्षी घरातल्या सगळ्या कड्या, कोयंडे, बोल्ट उपटून काढले. का, ते कुणाला सांगितलं नाही. स्क्रूची भोकं बुजवलेली अजून दिसतात. त्यामुळे अंघोळीला गेलेल्याने मोठ्याने गाणं म्हणायचं हा आमच्या घरचा नियम. आई बेसूर, मामा तिच्याहून बेसूर. पाहुण्यांना हे सांगितलं की ते पोट धरधरून हसायचे, आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हसायचो. मामा दहा वर्षांचा असताना आजोबा गेले. युद्धानंतर त्यांनी स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही, कुठेही जायचं तर पायी जायचे.

त्या आजोबांचा एकच फोटो आमच्याकडे. पोस्टकार्डाएवढा, एका कोपऱ्यात पाणी लागून पिवळा पडलेला. एक मोठी गाडी तिरपी उभी आहे, तिच्या पुढच्या मडगार्डला टेकून आजोबा, आणि गाडीच्या पायरीवर दोन वेण्या घातलेली सहा वर्षांची माझी आई. मामा तेव्हा पाळण्यात होता. आई सांगायची, युद्धात आजोबा रुग्णवाहिका चालवायचे, हीच ती गाडी. आईचं हे सांगणं आम्हाला पुरेसं होतं. दुसऱ्या कुणी विचारलंही नव्हतं.

आता टेपमावशी. समोरच्या घरात राहते, शिवणकाम करते. गळ्यात मापाची टेप कायम, ती काढून झोपते की तशीच, देव जाणे. वय अठ्ठ्याहत्तर, पण अजून सुईत दोरा एका फटक्यात ओवते. युद्धात ती सात वर्षांची होती. तिच्या वडिलांना ताप होता, गल्लीत रुग्णवाहिका आली, आजोबांनी हात देऊन त्यांना आत चढवलं. ते परत आले नाहीत. दवाखान्यात वारले, असा निरोप आला. पण सगळे पळत असताना एक माणूस गाडी घेऊन आपल्या दारात आला, हे उपकार मावशीच्या आईने आणि मावशीने जन्मभर मानले. आजोबा त्यांच्या घरावरून जाताना मान खाली घालून जायचे. किती विनम्र माणूस, असं मावशीची आई म्हणायची. आजोबा गेले तेव्हापासून मामाच्या दर वाढदिवसाला मावशीकडून एक शर्ट येतो. लहानपणी चौकड्यांचा यायचा, आता फिकट निळा. मामाने आयुष्यात विकतचा शर्ट घातलेला नाही.

तर झालं असं, की वाचनालयाने युद्धाच्या दिवसांतल्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. मावशीने उत्साहाने आमचा फोटो मागून घेतला आणि स्वतः नेऊन दिला. चार दिवसांनी ग्रंथपाल सकाळी सकाळी गॅरेजात हजर. सुकलेला, चष्मेवाला, नम्र माणूस. फोटो पाकिटातून असा काढला की जणू चटका बसेल.

"राग मानू नका," तो म्हणाला, "पण आमच्याकडे या गाड्यांची चित्रं आहेत. या गाडीचं तोंड बघा. ह्या उभ्या पट्ट्या. हे तोंड रुग्णवाहिकेचं नाही. लष्कराच्या काळ्या गाडीचं आहे. माणसं उचलून न्यायचे ना, ती."

मला भीती वाटली की आधी राग येतो. "माझ्या आजोबांना काय म्हणताय तुम्ही? चित्रं बघून?"

"मी काहीच म्हणत नाही. म्हणून तर आलो. तुमचे मामा युद्धातून उरलेल्या त्याच गाड्यांवर काम शिकले. त्यांनी ओळखून सांगितलं की तेच फोटोखालच्या कार्डावर लिहू. सोमवारपर्यंत सांगा."

मामा मागे उभा होता. त्याच्या हातातला पाना खाली पडला. त्याने तो उचलला नाही, सरळ आतल्या खोलीत गेला.

काळ्या गाडीबद्दल आमच्या गल्लीत कुणी बोलत नाही, पण ठाऊक सगळ्यांना आहे. जवळपास प्रत्येक घरातून एक तरी माणूस तिच्यात गेलं. आणि आजोबा जर तिच्या स्टिअरिंगवर बसलेले असतील, तर या गल्लीत आम्ही तोंड कसं दाखवायचं? मावशीला काय सांगायचं? त्या दिवसापासून मला जेवण जाईना. कुणी काउंटरवर सहज म्हणालं, "काय गं, फोटो लागणार म्हणे तुमचा," की मी हिशेबाच्या वहीत मान घालायची.

तीन दिवस मामाने फोटोकडे पाहिलं नाही. मी टेबलावर ठेवायची, तो त्यावर वर्तमानपत्र टाकायचा. रविवार उजाडला. दुपारी मावशी येणार होती, कार्डावर तिच्या वडिलांविषयी काय लिहायचं ते घेऊन. सकाळी दहाला माझं डोकं फिरलं.

"मामा, पुरे झालं आता. बघ तो फोटो."

"नको गं."

"साध्या एका नटावरून गाडी ओळखतोस, आणि इथे अख्खी गाडी समोर आहे!"

"म्हणूनच नको." तो फडक्याला हात पुसायला लागला. "बघितली की ओळखीन. एकदा ओळखली की परत न ओळखलेली करता येत नाही, बाई."

तेव्हा मला कळलं की हा तीन दिवसांपासून नाही, जन्मभर घाबरलाय. या फोटोकडे त्याला नीट बघताना मी कधी पाहिलंच नव्हतं. गाड्यांवर जीव टाकणारा माणूस, आणि घरातल्या एकुलत्या एका गाडीच्या फोटोला कायम पाठ! इतकी वर्षं हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही, कोण जाणे. मला त्याची दया आली, पण मी फोटो काही उचलला नाही.

शेवटी त्याने शेडमधलं स्टूल उजेडात ओढलं, भिंग घेतलं, फोटो बोनेटवर पसरलेल्या स्वच्छ फडक्यावर ठेवला. हात इतका थरथरत होता की भिंग किणकिणत होतं बोनेटवर. मी त्याचं मनगट धरलं. मग तो वाकला, आणि हळूहळू हात थांबला. गाडी समोर आली की थांबतोच तो.

"तोंड काळ्या गाडीचंच," तो म्हणाला. मी त्याचं मनगट सोडलं. "थांब, घाई करू नकोस. तोंडावरून गाडी ओळखतात ती पुस्तकवाली माणसं. चाक बघ. नट मोज."

"पाच."

"काळ्या गाडीला सहा. भंगारात मी स्वतः खोललेत. आणि हे पाटे बघ." चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिच्यावर गाडी झुलते, ती त्याने बोटाने दाखवली. "लांब आहेत, पातळ आहेत. आजारी माणसाला धक्का बसू नये म्हणून असे घालायचे. काळ्या गाडीचे आखूड, जाड. माणसांना धक्का बसला तर बसला, त्यांना काय! आणि इथे, बोनेट आणि दाराच्या मध्ये दोन बोटं फट आहे. हे तोंड हिचं नाही. कुठेतरी आपटली असणार, सुटे भाग मिळत नव्हते, कुणीतरी दुसऱ्या गाडीचं तोंड आणून बसवलं. चेसिस रुग्णवाहिकेचं आहे. शंभर टक्के."

मी टाळ्याच पिटल्या. "रुग्णवाहिका! सांगत होते ना मी त्या चष्मिष्टाला!" रडू येत होतं, हसू येत होतं. चहा टाकायला म्हणून आत वळले. दारातच लक्षात आलं की मामा काही बोलत नाहीये.

तो अजून वाकलेलाच होता. भिंग आता गाडीच्या मागच्या टोकाला होतं.

"मामा?"

"मागचं दार सताड उघडं आहे," तो अगदी हळू म्हणाला. "इतकं उघडलंय की बाजूने बाहेर आलंय. आपल्याला दिसते ती दाराची बाहेरची बाजू. तिच्यावर दवाखान्याची खूण आहे, दिसतेय?"

"दिसतेय. मग बरंच आहे की."

"खुणेच्या खाली बघ."

मी पाहिलं. एक आडवी लोखंडी पट्टी, तिच्या टोकाला कोयंडा, कोयंड्यात लटकलेलं कुलूप. तिळाएवढं दिसत होतं, पण दिसत होतं.

"हे कारखान्यातून आलेलं नाही. गॅरेजात वेल्डिंग केलंय, वेडंवाकडं. आणि बाजूची खिडकी. तिथे काच असायची, दुधी काच. इथे पत्रा मारलाय. रिव्हेट दिसताहेत. आजारी माणसाला कुणी कुलूप लावतं का गं?"

काळी गाडी आली की लोक मागच्या दाराने पळायचे, माळ्यावर लपायचे. दवाखान्याची गाडी आली की आपल्या माणसाला आपल्याच हाताने आत चढवायचे. कुणाला तरी हे सुचलं होतं, आणि कुणीतरी ती गाडी चालवत होतं.

मामाने भिंग खाली ठेवलं आणि मान वर करून आमच्या आतल्या दाराकडे पाहिलं. चौकटीवर, बरोबर हाताच्या उंचीला, बुजवलेली चार भोकं. मीही पाहिली. जन्मापासून पाहत आले होते. त्याच दारावरून किती हसलो होतो आम्ही! मामा स्टुलावरून उठला, न्हाणीघरात जाऊन ओकला.

तो परत आल्यावर मी त्याला धरून बसवलं आणि बोलायला लागले, भरभर, भीतीने. "हे बघ, रुग्णवाहिका आहे, हे खरं आहे ना? तेवढंच सांगायचं. खोटं काहीच नाही त्यात. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला आता हे सांगून कुणाचं भलं होणार आहे? कोण बघणार आहे तिळाएवढं कुलूप? तुला माझी शपथ."

"हो," मामा म्हणाला. "हो, बरोबर आहे तुझं." मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

तीन वाजता मावशी आली. मामाने अंगात तिनेच शिवलेला निळा शर्ट घातला होता, दुसरा होता कुठे! तिने मापाच्या कागदावर पेन्सिलीने लिहून आणलं होतं आणि ते वाचून दाखवलं. "या गाडीतून माझ्या वडिलांना दवाखान्यात नेलं. चालवणाऱ्याने त्यांना हात दिला. आम्ही त्याचे ऋणी आहोत." मग चष्मा काढून म्हणाली, "शेवटचं वाक्य बरं आहे का गं? फार मोठेपणाचं नाही ना वाटत?"

"छान आहे, मावशी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "मामाने गाडी ओळखली. रुग्णवाहिकाच आहे."

"ती आहेच. ओळखायचं काय त्यात?" ती हसली. "काय रे सशा, इतका पांढराफटक का पडलायस? मी चावते का?"

मामा उभा राहिला. मी डोळे वटारले. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"ताई, चेसिस रुग्णवाहिकेचं आहे," तो म्हणाला. "पण दाराला बाहेरून पट्टी आहे. कुलूप आहे. खिडक्यांवर पत्रा आहे. आतल्या माणसाला बाहेर येता येऊ नये, म्हणून केलंय ते."

मावशीला आधी कळलंच नाही. "दवाखान्याच्या गाडीला कुलूप?"

"नसतं, ताई."

तिने भिंग मागितलं. मामाने दिलं. सुईत दोरा ओवणारे डोळे ते. बराच वेळ ती वाकून होती. मी भिंतीला टेकले होते.

"गाडी निघाली तेव्हा आतून वाजत होतं," ती फोटोकडेच बघत म्हणाली. "पत्र्यावर. धडाधड. मला वाटलं, बाबा मला टाटा करताहेत. मी हात हलवला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत हलवत होते."

मग तिने मामाकडे पाहिलं.

"त्यांना माहीत होतं? तुझ्या वडिलांना?"

मामाने आमच्या आतल्या दाराकडे बोट केलं. "आमच्या घरात कड्या नाहीत, ताई."

त्या गमतीवर सगळ्यात जास्त हसलेलं माणूस म्हणजे टेपमावशी. तिने एकदा दाराकडे पाहिलं, कागदाची घडी केली, ती ब्लाउजमध्ये खोचली आणि निघून गेली. मी मामावर तुटून पडले. "झालं समाधान? म्हातारीच्या हातून बाप दुसऱ्यांदा हिसकावून घेतलास!" असं बोलले मी. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. मामा एवढंच म्हणाला, "गाडीची गोष्ट होती, गं."

सोमवारी कार्ड त्याने सांगितलं, मी लिहिलं. रुग्णवाहिका. पुढचा भाग दुसऱ्या गाडीचा. दाराला बाहेरून कुलूप. चालक, माझे वडील. ग्रंथपालाने दोनदा वाचलं आणि मामाचा हात हातात घेतला. प्रदर्शन लागलं. कुणीतरी शटरवर दगड मारील, या धास्तीने मी काउंटरवर बसायची. कुणी मारला नाही. गल्ली नुसती गप्प झाली. मावशीच्या खिडकीचा पडदा ओढलेला असायचा आणि मशीनचा आवाज येईना. मामा दिवसातून वीस वेळा तिकडे बघायचा.

पंधरा दिवसांनी त्याचा वाढदिवस आला. सकाळी उठल्यापासून तो गाडीखालून बाहेरच येईना. तिने काही पाठवलं तर काय, आणि नाही पाठवलं तर काय, दोन्हींची सारखीच भीती. अकराच्या सुमाराला पाहिलं तर पायरीवर कागदाचं पुडकं. कधी ठेवून गेली, कळलंच नाही. मी उघडलं. फिकट निळं कापड, मामाच्या मापाने बेतलेलं. पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या, कॉलर. सगळं नीट कापलेलं होतं, शिवलेलं नव्हतं. एक टाकासुद्धा घातलेला नव्हता.

मामाने ते तुकडे एकेक करून पाहिले. मग हात स्वच्छ धुतले, पुडकं छातीशी धरलं आणि गल्ली ओलांडायला निघाला. मध्येच ते काळं कुत्रं पसरलेलं, ज्याच्यासाठी तो एरवी अख्खा वळसा घालतो. त्याच्या अंगावरून गेला, त्याला दिसलंही नाही. मी मागोमाग गेले, खोटं कशाला बोलू.

मावशी मशीनपाशी रिकामी बसली होती. मामा उंबऱ्याबाहेर थांबला.

"दुसऱ्याकडून शिवून घे," ती न बघता म्हणाली. "माझ्या हातून होईना."

"शर्टासाठी नाही आलो, ताई."

"मग?"

"भीती वाटते."

"तुला कशाची भीती वाटत नाही, ते सांग."

पुडकं त्याच्या हातात चुरगळत होतं. मावशीने शेजारच्या स्टुलावरची कापडं उचलून बाजूला ठेवली.

"ये आत," ती म्हणाली. "पण ते दार लावू नकोस, सशा. मला बंद दार सहन होत नाही आता."

तिचं दार उतरतं आहे, सोडलं की आपोआप मिटतं. मामाने स्टुलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग पुडकं तिच्या मशीनवर ठेवलं, आणि माझा घाबरट मामा ते दार पाठीने उघडं दाबून धरून तिथेच उभा राहिला.